नवा फायर सॅलॅमँडर: ओळख कशी पटवायची, नर-मादी कसं ओळखायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काळंभोर चकचकीत अंग, आणि कुणीतरी पिवळ्या रंगाचा ब्रश झटकावा तसे त्यावर ठिपके. फायर सॅलॅमँडर हा युरोपातला, पालीसारखा दिसणारा पण बेडकासारखा उभयचर प्राणी. तो डब्यातून बाहेर आला की माणूस आधी त्या रंगालाच भुलतो, आणि मग सगळे प्रश्न रंगावरूनच सुचतात. ठिपके मोठे म्हणजे नर का? पट्टे आहेत म्हणजे अमुक उपजात का? लाल झाक आहे, म्हणजे दुर्मीळ का? रंगावरून कळतं ते थोडंच. उपजातीचा अंदाज बांधायला तो कामी येतो, नर-मादी ओळखायला अजिबात नाही. त्याचा खरा उपयोग तिसऱ्याच गोष्टीसाठी आहे, तो पुढे येईलच.

विकणाऱ्याने ‘फायर सॅलॅमँडर’ म्हणून दिलाय. तो खरंच तोच आहे ना?

आधी डोकं बघा. दोन्ही डोळ्यांच्या लगेच मागे एकेक लांबट, फुगीर उंचवटा दिसायला हवा. त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक काळी भोकं असतात. या त्याच्या विषग्रंथी. अशी छिद्रं फक्त डोक्यावरच नसतात. पाठीच्या मध्यावरून शेपटीकडे त्यांच्या दोन समांतर ओळी जातात, दोन्ही कुशींवरही एकेक ओळ असते. भिंगातून पाहिलं तर शिवणयंत्राची टीप घातल्यासारखं दिसतं. एकदा ही टीप नजरेत बसली की पुन्हा फसायला होत नाही.

बाकीच्या खुणा पटकन तपासता येतात. डोळे मोठे, थोडे बाहेर आलेले आणि गडद काळे. शेपूट गोलसर, टोकाकडे निमुळती, माशासारखी चपटी नाही. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना पाच. पूर्ण वाढलेला प्राणी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १५ ते २५ सेंमी भरतो. नखं, खवले किंवा कानाचं भोक दिसलं, तर तुमच्या हाती सॅलॅमँडरच नाही, सरडा-पालीच्या कुळातला प्राणी आहे. हा घोटाळा वाटतो तितका अशक्य नाही.

शास्त्रीय नाव सॅलॅमँड्रा सॅलॅमँड्रा. पावतीवर किंवा चिठ्ठीवर हेच नाव असायला हवं. नुसतं ‘फायर’ लिहिलेलं पुरेसं नाही. का, ते पुढच्या दोन प्रश्नांत.

टायगर सॅलॅमँडरशी घोळ कसा टाळायचा?

सर्वांत जास्त गोंधळ याच्याशीच होतो, कारण तोही काळपट अंगाचा आणि पिवळ्या डागांचा. पण तो उत्तर अमेरिकेतल्या अँबिस्टोमा या वेगळ्याच गटातला. त्याचं डोकं रुंद आणि चपटं, त्या मानाने डोळे बारीक, आणि तोंडाची रेषा अशी की प्राणी कायम मंद हसतोय असं वाटावं. डोळ्यांमागचे ते छिद्रं असलेले उंचवटे त्याला नसतात. एवढी एक खूण पुरते. काही जण कुशीवरच्या उभ्या खाचा मोजायला सांगतात. त्या फंदात पडू नका, खाचा दोघांनाही असतात.

त्याच गटातल्या स्पॉटेड सॅलॅमँडरच्या पाठीवर पिवळे गोल ठिपके दोन बऱ्यापैकी सरळ ओळींत असतात, बटणं लावल्यासारखे. त्यालाही फायर सॅलॅमँडरसारखे ठळक उंचवटे नसतात.

आणि ‘फायर बेली न्यूट’?

नावात ‘फायर’ आहे, साम्य तिथेच संपतं. तो चीनमधला छोटा न्यूट, म्हणजे सॅलॅमँडरचाच पाणवठ्यातला नातेवाईक, पाठ गडद आणि पोट नारिंगी-लाल. तो पाण्यात राहतो. त्याच्या टाकीत फायर सॅलॅमँडर सोडला तर तो बुडून मरू शकतो, कारण मोठ्या वयाच्या फायर सॅलॅमँडरला नीट पोहता येत नाही. पिण्या-भिजण्यासाठी उथळ थाळी आणि तिच्यातून बाहेर यायला एखादा दगड, इतकंच पाणी त्याला हवं.

माझ्याकडचा नेमका कोणत्या उपजातीचा?

ठिपक्यांवरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. तरी अंदाजाची मजा मोठी आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पाठीवर वेड्यावाकड्या, एकमेकांशी ताळमेळ नसलेल्या पिवळ्या डागांची पखरण असेल, तर मध्य आणि पूर्व युरोपातली नामधारक उपजात, म्हणजे जातीचंच नाव पुन्हा मिरवणारी सॅलॅमँड्रा सॅलॅमँड्रा सॅलॅमँड्रा. तेच डाग पाठीच्या दोन्ही बाजूंना तुटक रेघांसारखे ओळीत लागले असतील, तर पश्चिम युरोपातली टेरेस्ट्रिस. पाळणाऱ्यांकडे ही दोन भरपूर दिसतात. गंमत म्हणजे जर्मनीत दोघांचे प्रदेश एकमेकांत मिसळतात, आणि तिथले प्राणी अर्धे ठिपक्यांचे, अर्धे रेघांचे निघतात. अशा प्राण्याचा फोटो दाखवून ‘ही कोणती?’ विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘दोन्हींच्या मधली’ एवढंच.

पाठीवरून शेपटीपर्यंत सलग दोन पिवळे पट्टे असतील तर पिरेनीज पर्वताच्या बाजूची फास्टुओसा किंवा उत्तर स्पेनमधली बर्नार्डेझी. बर्नार्डेझी अंगाने लहानखुरी आणि नाकाने बोथट. तिच्यात पिवळा रंग कधी इतका वाढतो की काळ्यावर पिवळं नसून पिवळ्यावर काळं आहे असं वाटतं. इटलीतली गिग्लिओली हीही भरपूर पिवळी, शिवाय तिच्या गळ्याशी आणि पोटाकडे लालसर झाक येऊ शकते. पोर्तुगाल आणि वायव्य स्पेनमधल्या गॅलिशियातल्या गॅलायकाच्या अंगावर घोड्याच्या नालासारखे वळलेले डाग आणि त्यांत लाल रंग दिसतो. दक्षिण स्पेनमधल्या लाँगिरोस्ट्रिसचं नाक नावाप्रमाणे लांब आणि टोकदार. माद्रिदच्या पश्चिमेकडच्या ग्रेदोस डोंगरातली अल्मान्झोरिस जवळजवळ काळीच, मधूनमधून बारीक पिवळे शिंतोडे.

हे सगळं खरं असलं तरी एकाच ओढ्याकाठच्या दोन सॅलॅमँडरांत जेवढा फरक असतो, तेवढा कधी कधी दोन उपजातींत नसतो. म्हणून जाणकार पाळणारे ठिपके मागाहून बघतात. आधी विचारतात, याचे आई-बाप मूळ कुठल्या भागातले? ती नोंद विकणाऱ्याकडे असेल तर उपजात कळते. नसेल तर तुमच्या वहीत ‘उपजात अनिश्चित’ असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त अशा प्राण्याची जोडी दुसऱ्या नोंद असलेल्या प्राण्याशी लावू नका. संकरित पिल्लं पुढे कुणाच्या तरी हाती ‘शुद्ध’ म्हणून जातात आणि मग तो गुंता कुणालाच सोडवता येत नाही.

पाठीवर पिवळे डाग आहेत, पण पोट पूर्ण काळं आहे आणि अंग बरंच मोठं आहे. हे काय?

तो कदाचित सॅलॅमँड्रा सॅलॅमँड्रा नसेलच. तुर्कस्तानापासून इस्राएलपर्यंतच्या पट्ट्यात सॅलॅमँड्रा इन्फ्राइम्याक्युलाटा ही वेगळी जात राहते. नावाचा अर्थच ‘खालून डाग नसलेला’. या गटातले दणकट प्राणी हेच, मादी ३० सेंमीच्या आसपासही जाते. कॉर्सिका बेटावरची सॅलॅमँड्रा कॉर्सिका आणि उत्तर आफ्रिकेतली सॅलॅमँड्रा अल्जिरा याही वेगळ्या जाती. एके काळी या सगळ्यांना एकाच जातीच्या उपजाती मानत, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली नावं आजच्या नावांशी जुळत नाहीत. पोटाचा एक फोटो काढून ठेवा, पुढे नर-मादीसाठीही तोच लागणार आहे.

संपूर्ण काळा असेल तर?

आल्प्समध्ये राहणारा काळा सॅलॅमँडर, सॅलॅमँड्रा अट्रा, ही आणखी एक वेगळी जात. त्याची मादी दोन ते तीन वर्षं गर्भ वागवते आणि बहुधा दोनच पिल्लांना जन्म देते. पण फायर सॅलॅमँडरमध्येही अधूनमधून डाग नसलेले प्राणी जन्मतात. इथेही शेवटी कागदपत्रंच बोलतात.

ठिपक्यांवरून नर-मादी कळतं का?

नाही. ‘माद्या जास्त पिवळ्या असतात’ हे तुम्हाला कोणी छातीठोकपणे सांगितलं, तरीही नाही.

मग कशावरून कळतं?

शेपटीच्या बुडाखाली, मागच्या पायांच्या लगेच मागे, एक उभी लांबट चीर असते. तिला अवस्कर म्हणतात. विष्ठा, मूत्र आणि प्रजनन या तिन्ही कामांसाठी हा एकच मार्ग. वयात आलेल्या नरात या चिरेच्या दोन्ही कडा फुगून लांबट गाद्यांसारख्या होतात, कारण शुक्राणूंची पुडी तयार करणाऱ्या ग्रंथी तिथेच आत असतात. मादीत हा भाग सपाट राहतो आणि चीर बारीक रेघेसारखी दिसते.

खालून बघण्यापेक्षा बाजूने बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं. प्राणी चालत असताना तुमची नजर त्याच्या पायांच्या पातळीवर आणा. पोटाची खालची रेषा मागच्या पायांच्या पुढे जाऊन शेपटीला मिळते. मादीत ही रेषा जवळजवळ सरळ किंवा हलकी चढत जाते. नरात पायांमागे एक छोटी टेकडी लागते, मग शेपूट सुरू होते. एक नक्की नर आणि एक नक्की मादी शेजारी शेजारी पाहिली की हा फरक आयुष्यभर विसरत नाही. अडचण एवढीच, की नव्याने पाळणाऱ्याकडे बहुधा एकच प्राणी असतो आणि तोही लहान.

दुय्यम खुणाही आहेत. एकाच वयाच्या प्राण्यांत नर साधारण सडपातळ, पाय आणि शेपूट धडाच्या मानाने थोडी लांब. मादी भरदार आणि मोठी, वरून पाहिलं तर कुशी पेरूसारख्या मागे रुंदावलेल्या. पण या खुणांचा कौल एकट्याने घेऊ नका. भरपूर गांडुळं खाऊन सुस्तावलेला नर अगदी गरोदर मादीसारखा दिसतो.

उलटा करून पाहू का?

नको. सॅलॅमँडर पाठीवर पडला की धडपडतो, अंग ताणतो, आणि नेमका जो उंचवटा बघायचा तोच दिसेनासा होतो. वर ग्रंथींतून विष सुटण्याची शक्यता असते ती वेगळीच. त्यापेक्षा डबा वापरा.

सपाट तळाचा, ओरखडे नसलेला छोटा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. साबण न लावता क्लोरीन काढलेल्या पाण्याने धुवा आणि तळाला पाण्याचा अगदी पातळ थर राहू द्या, म्हणजे कातडी चिकटणार नाही. प्राणी आत ठेवा, झाकण लावा, एक मिनिट शांत बसू द्या. मग डबा दोन सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या चळतींवर मध्ये पूल करून ठेवा आणि मोबाइलने खालून फोटो काढा. फ्लॅश नको, ओल्या कातडीवर तो पांढरा डाग पाडतो. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा असावा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते. दोन फोटो खालून, दोन अगदी पातळीवरून बाजूने. सगळं मिळून तीन-चार मिनिटांत उरकायला हवं.

एक सावधगिरी. प्राणी तळाला पोट टेकून बसला असेल तर नराची टेकडीही दाबली जाऊन सपाट दिसते. आणि तळाला पाण्याचा टपोरा थेंब नेमक्या जागी असेल तर तो भिंगासारखं काम करतो. माझ्याकडच्या एका मादीला मी अशाच एका थेंबामुळे तीन आठवडे नर म्हणत होतो. तेव्हापासून तळ एकदा पुसून पुन्हा फोटो घेतल्याशिवाय मी काही लिहून ठेवत नाही.

माझा अजून ८-१० सेंमीचा आहे. आत्ता कळेल का?

नाही, आणि कोणी ‘नक्की मादी’ म्हणून एवढं पिल्लू विकत असेल तर तो अंदाजच विकतोय. फायर सॅलॅमँडर साधारण दोन ते चार वर्षांनी वयात येतो. तोवर नरांचाही अवस्कर सपाटच असतो. म्हणजे फुगवटा दिसला तर ‘नर’ म्हणता येतं, पण तो नसला म्हणून लगेच ‘मादी’ म्हणता येत नाही. ती मादी असेल, किंवा अजून वयात न आलेला नर असेल.

जोडीच हवी असेल तर एकाच घरातून पाच-सहा पिल्लं घेऊन वाढवणं किंवा थेट मोठी, लिंग कळलेली जनावरं घेणं, हे दोनच मार्ग. दोन पिल्लं घेऊन ‘एक नर एक मादी निघो’ म्हणणं हे नाणं उडवण्यासारखं आहे.

चार वर्षांचा आहे, तरी नक्की कळत नाही. का?

ऋतू बघा. नरांचा फुगवटा वर्षभर सारखा राहत नाही. मिलनाच्या काळात तो ठळक होतो, बाकी महिन्यांत ओसरतो. मध्य युरोपातल्या प्राण्यांत मिलन मुख्यतः उन्हाळा ते शरद या काळात चालतं, दक्षिणेकडच्या कोरड्या प्रदेशांतले प्राणी पाऊस सुरू झाल्यावर जागे होतात. घरात बारा महिने एकसारखं तापमान ठेवलं तर हे वेळापत्रक आणखीच विसकटतं. हिवाळ्यात हडकलेला, नुकताच लांबच्या प्रवासातून आलेला नर बघून तो मादी आहे असं ठरवणं ही नेहमीची चूक. उलटंही होतं: नुकतीच व्यालेली मादी काही दिवस त्या जागी सुजलेली दिसते.

उपाय कंटाळवाणा आहे. दर महिन्याला एक फोटो, त्याच डब्यात, त्याच उजेडात. वर्षभराचे बारा फोटो शेजारी लावले की फुगवटा येतो-जातो का ते दिसतं. एका फोटोवरून भांडत बसण्यापेक्षा हे बरं.

दोघांना एकत्र ठेवल्यावर एक दुसऱ्याच्या पोटाखाली शिरतोय. वरचा नर की खालचा?

बेडकांची सवय असलेल्यांना वाटतं वरचा नर. इथे उलट आहे. फायर सॅलॅमँडरचा नर मादीच्या खाली शिरतो, आपले पुढचे पाय तिच्या पुढच्या पायांत मागून वर अडकवतो, तिला पाठीवर घेतल्यासारखा चालतो आणि डोक्याने तिचा गळा घासत राहतो. शेपटीचं बूड डावी-उजवीकडे हलत असतं. मग तो शुक्राणूंची पुडी जमिनीवर सोडतो आणि आपलं मागचं अंग झटकन बाजूला सरकवतो, की मादीचा अवस्कर बरोबर त्या पुडीवर टेकावा. हे सगळं पाण्याबाहेर, जमिनीवर घडतं.

पण हे पाहून लगेच टाळ्या वाजवू नका. नर दुसऱ्या नरालाही असाच धरतो, आणि नरानरांतली कुस्तीही बऱ्याच अंशी अशीच दिसते. खालचा नर असण्याची शक्यता मोठी, वरच्याबद्दल मात्र काहीच ठरत नाही.

दोन्ही नर निघाले तर वेगळे करावे लागतील का?

बहुधा नाही. कुस्तीत सहसा इजा होत नाही. एक सतत लपून बसतोय, खात नाहीये किंवा बारीक होतोय असं दिसलं तर मात्र वेगळा डबा करा.

एकच प्राणी आणलाय, आणि पाण्याच्या थाळीत पिल्लं! हे कसं?

म्हणजे मादी आहे, एक प्रश्न सुटला. मादी शुक्राणू आपल्या शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ साठवून ठेवू शकते. तुमच्याकडे येण्याआधी कधीतरी मिलन झालं असेल. फायर सॅलॅमँडर अंडी घालत नाही. अंडी पोटातच वाढतात आणि मादी कल्ले असलेले जिवंत डिंभ (रूपांतर व्हायचं बाकी असलेली पिल्लं) उथळ पाण्यात सोडते, बऱ्याचदा वीस ते चाळीस. प्रत्येक डिंभ जेमतेम ३ सेंमीचा. चारही पायांच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका दिसला की समजा हे नक्की फायर सॅलॅमँडरचेच.

बर्नार्डेझीची गोष्ट निराळी. ती पाण्याकडे फिरकतही नाही, पूर्ण रूपांतर झालेली, जमिनीवर चालणारी मोजकीच पिल्लं देते. त्यामुळे टेरेरियमच्या (प्राणी ठेवायच्या काचेच्या पेटीच्या) शेवाळात अचानक चिमुकले पिवळे पट्टे चालताना दिसले तर उपजातीचाही एक पुरावा हाती लागतो.

डिंभांना आईपासून लगेच वेगळं करा आणि स्वच्छ, थंड पाण्यात ठेवा. दाटी झाली तर ते एकमेकांचे पाय-कल्ले कुरतडतात.

दोन-तीन प्राणी आहेत. कोण कोणता, हे कसं लक्षात ठेवायचं?

सुरुवातीला म्हटलेला रंगाचा खरा उपयोग तो हा. दोन फायर सॅलॅमँडरांच्या पाठीची नक्षी कधीच तंतोतंत सारखी नसते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. रानात अभ्यास करणारे संशोधकही अंगावर खूण न करता पाठीच्या फोटोंवरूनच तोच प्राणी वर्षानुवर्षं ओळखतात.

पाठीचा एक फोटो सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पूर्ण पाठ लक्षात ठेवायची गरज नाही. डोक्यावरच्या आणि मानेच्या दोन-तीन डागांचा आकार टिपा: ‘उजव्या डोळ्यावर स्वल्पविराम, मानेवर तुटलेली अंगठी’. वहीत हे शब्दच जास्त उपयोगी पडतात. लहान प्राण्याची नक्षी पहिल्या काही महिन्यांत थोडी बदलते, डाग जुळतात किंवा फुटतात, म्हणून पिल्लांचे फोटो वारंवार घ्या.

माझ्या दोन प्राण्यांच्या डब्यांची झाकणं साफसफाईत अदलाबदल झाली आणि नावं झाकणांवर होती. दीड महिना मी एकाचं वजन दुसऱ्याच्या नावाने लिहीत होतो आणि ‘नर अचानक एवढा जाड कसा झाला’ म्हणून चिंतेत होतो. जुना फोटो शेजारी ठेवल्यावर दहा सेकंदांत उलगडा झाला. तेव्हापासून झाकणावर नाव नाही, डब्यावर फोटो चिकटवलेला आहे.

वय कळतं का?

मोठा झाल्यावर बाहेरून नाही. जन्मतारीख लेखी मिळाली तर जपून ठेवा, कारण सोबत मोठी आहे: वीस वर्षं हे अगदी सामान्य, आणि बॉनच्या कोनिग संग्रहालयातला एक प्राणी पन्नास वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

हात लावला तर विष बाधतं का?

निरोगी कातडीवर सहसा काही होत नाही. पण डोळा, तोंड किंवा जखम यांना लागलं तर चांगलीच आग होते. सॅमँडरिन हे त्यातलं मुख्य द्रव्य, आणि मांजर-कुत्र्याने प्राणी तोंडात धरला तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. फार डिवचलं तर हा प्राणी पाठीच्या ग्रंथींतून विषाची चिळकांडी दूरवर उडवतो, म्हणून तपासताना तोंड जवळ नेऊ नका. पावडर नसलेले ओले हातमोजे घाला. ते तुमच्यापेक्षा त्याच्याच भल्यासाठी: कोरडा, क्रीम किंवा साबण लागलेला हात त्याच्या कातडीला सोसत नाही.

आणल्या आणल्या नर-मादी तपासू का?

पहिल्या दिवशी फक्त वरून एक फोटो आणि वजन, बास. त्याला घाई नाही, आणि एका गोष्टीची तपासणी याहून महत्त्वाची आहे.

बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स, थोडक्यात ‘बीसॅल’, ही बुरशी २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. त्याआधीच्या काही वर्षांत नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिने जवळजवळ पुसून टाकले होते. ती आशियातून, पाळीव उभयचरांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली असं मानलं जातं. कातडीवर छोटे खोल व्रण, पुन्हा पुन्हा कात टाकणं, सुस्ती, आणि काही दिवसांत मृत्यू. या रोगामुळेच अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलॅमँडरांच्या वीस वंशांच्या (एका वंशात अनेक जाती येतात) आयातीवर बंदी घातली, आणि त्यांत सॅलॅमँड्रा आहे.

म्हणून नवा प्राणी जुन्यांपासून किमान सहा आठवडे वेगळा ठेवा. साधा डबा, ओला टिश्यू पेपर, लपायला मडक्याचा तुकडा, वेगळा चिमटा, वेगळं पाणी. टिश्यू पेपरवर विष्ठा, रक्त, कात सगळं लगेच दिसतं. तिथलं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर ओतू नका. उभयचरांचे पशुवैद्य कातडीवरून बोळा फिरवून बीसॅलची चाचणी करून देतात.

तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास असू द्या. ओलसर ओंडक्यांत दडलेला प्राणी ओंडके जाळायला घेतल्यावर बाहेर पळायचा, म्हणून त्याचं नातं आगीशी जोडलं गेलं. रोमन लेखक प्लिनीने तर तो आग विझवतो असंही लिहून ठेवलं. प्रत्यक्षात पंचविशीच्या वरचं तापमान टिकलं तरी त्याचे हाल होतात.

दोन दिवसांत रंग फिका, दुधी पडलाय. फसवलं का?

बहुतेक कात टाकायला आलाय. कात निघाली की तो ती खाऊन टाकतो आणि पुन्हा चमकतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. आठवड्यातून दोनदा कात निघू लागली किंवा कातडीवर व्रण दिसले तर वरचा प्रश्न पुन्हा वाचा आणि पशुवैद्याला फोन करा.

रानातून पकडलेला आहे की घरात वाढवलेला, हे दिसून कळतं का?

खात्रीने नाही. जुने व्रण, तुटून पुन्हा आलेली बोटं, हडकलेलं अंग यावरून शंका येते. विकणाऱ्याला आई-बापांचे फोटो आणि जन्माचा महिना विचारा. घरी वाढवणारा माणूस या विषयावर तासभर बोलतो, दुसऱ्याकडून आणून विकणारा विषय बदलतो. युरोपात ही जात वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराखाली संरक्षित आहे आणि कित्येक देशांत रानातून पकडणं गुन्हा आहे. तुमच्या देशात ती पाळायला परवानगी आहे का, हे खरेदीआधी बघायचं असतं. आणून झालं असेल तर आजच बघा.

नर की मादी कळेपर्यंत नाव काय ठेवू?

दोघांनाही चालेल असं. माझ्याकडच्या थेंबवाल्या मादीचं नाव अजून ‘बंडू’ आहे. तिने आजवर तीनदा पिल्लं दिली आहेत.